लक्षद्वीप : गोड्या पाण्याच्या पातळ थरावरचे जीवन

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात वसलेला लक्षद्वीप हा क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश आहे. नितळ निळे पाणी आणि पांढरी वाळू यांमुळे तो पर्यटकांना भुरळ घालतो. मात्र या बेटांवर किती माणसांना राहता येईल आणि किती पाहुण्यांना येता येईल, हे प्रामुख्याने तेथील गोड्या पाण्यावर आणि प्रवाळांच्या स्थितीवर अवलंबून आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी या बेटांना केंद्रशासित प्रदेशाचा दर्जा मिळाला. १९६४ मध्ये प्रशासनाचे मुख्यालय कोळिकोडहून कवरत्ती येथे हलवण्यात आले, तर १९७३ मध्ये प्रदेशाचे नाव लक्षद्वीप असे ठेवण्यात आले. बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजार ४७३ होती. कायमची वस्ती केवळ १० बेटांवर आहे.

समाज आणि उपजीविका

बहुसंख्य रहिवासी मुस्लिम असून त्यांचा समावेश अनुसूचित जमातींमध्ये होतो. बहुतेक बेटांवर मल्याळमची जेसरी ही बोली बोलली जाते. अगदी दक्षिणेकडील मिनिकॉय बेटाची भाषा मात्र महल असून, ती मालदीवच्या दिवेही भाषेशी निगडित आहे. बेटांवर मातृवंशीय कुटुंबपद्धतीची परंपरा आहे. ‘तरवाड’ या एकत्र कुटुंबाची सामाईक मालमत्ता ‘शुक्रवारची’, तर व्यक्तीची स्वतंत्र मालमत्ता ‘सोमवारची’ या नावाने ओळखली जाते.

नारळ, काथ्या आणि मासेमारी हे येथील पारंपरिक व्यवसाय. कुपा, म्हणजेच ट्यूना मासा, एकेका काठीला गळ लावून पकडला जातो. त्यासाठी लागणारे आमिषाचे लहान जिवंत मासे बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यातून, म्हणजेच खारकच्छातून मिळवले जातात. उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा ‘मासमीन’ या नावाने विकला जातो. मिनिकॉयचे अनेक पुरुष व्यापारी जहाजांवर नोकरी करतात.

तांदूळ, भाजीपाला, इंधन आणि बांधकामाचे साहित्य मुख्य भूमीवरून जहाजाने येते. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात समुद्र खवळतो आणि वाहतूक विस्कळीत होते. गंभीर आजारी रुग्णांना उपचारांसाठी कोची येथे न्यावे लागते. कोचीपासून समुद्राखालून टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. त्यापूर्वी दूरसंचार सेवेची सारी भिस्त उपग्रहांवर होती.

पाण्याचा प्रश्न

लक्षद्वीपमध्ये नद्या नाहीत. पावसाचे पाणी प्रवाळांच्या वाळूतून झिरपते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगत राहते. मध्यभागी जाड व कडेला निमुळत्या असलेल्या या थरातूनच विहिरींना पाणी मिळते. उपसा जास्त झाला, की खालचे खारे पाणी वर येते. शिवाय घराघरांतील शौचालयांचे खड्डे विहिरींच्या जवळ असल्याने पाणी दूषित होण्याचा धोका असतो.

यावर उपाय म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे दररोज १ लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. समुद्राच्या पृष्ठभागावरील कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याच्या साहाय्याने ती पुन्हा द्रवरूप करायची, असे हे तंत्र आहे. २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथे असे प्रकल्प सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये कदमत येथील दीड लाख लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. या प्रकल्पांमुळे पिण्याच्या पाण्याची सोय झाली असली, तरी अन्य वापरासाठी विहिरींवरील भार कायम आहे.

प्रवाळांवरील संकट

बेटांभोवतीच्या प्रवाळभिंती लाटांचा जोर अडवतात, त्यामुळे किनारा टिकून राहतो. समुद्राचे तापमान वाढल्याने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. बंगारमजवळचे परळी-१ हे निर्जन बेट धूप होऊन पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये प्रकाशात आले. बेटांच्या विकास आराखड्याचा विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. बेटाची वहनक्षमता लक्षात घेऊनच बांधकाम व पर्यटन यांचे नियोजन व्हावे, हा विचार त्यानंतरच्या एकात्मिक बेट व्यवस्थापन आराखड्यांच्या मुळाशी आहे.

पर्यटकांसाठी

बेटांवर जाण्यासाठी बाहेरील व्यक्तींना १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना घ्यावा लागतो. कोचीहून जहाजाने प्रवासाला बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. विमानाने अगत्ती येथे उतरता येते. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ प्रवासास अनुकूल मानला जातो. वस्तीच्या बेटांवर अंगभर पोशाख करावा, अशी अपेक्षा असते. प्रवाळ गोळा करणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही सोबत नेऊ नये. पाणी जपून वापरावे आणि प्लास्टिकचा कचरा परत न्यावा, कारण बेटावर तो पुरण्यास जागा नाही आणि पुरल्यास त्याचा परिणाम अखेर विहिरीच्या पाण्यावरच होतो.