अकरावीचे फिजिक्स आणि एक वही

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी शाळा सुटल्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल लिहिते. आपल्या तुकडीतले जे सायन्सला गेले, त्यांना ती नक्की आठवत असतील.

दहावीपर्यंत आपण अपवर्तन, गतिज ऊर्जा, विभवांतर शिकलो. मग डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला कॉलेजात जाऊ लागलो आणि तीच मंडळी रिफ्रॅक्शन, कायनेटिक एनर्जी, पोटेन्शियल डिफरन्स अशा नावांनी समोर आली. ओळख पटेपर्यंत दिवाळी आली. बारावीत 'मोमेंट ऑफ इनर्शिया' आले, तेव्हा जडत्वाला क्षण कुठला, असा मला खरोखर प्रश्न पडला होता.

हे असे का झाले, ते मला फार उशिरा कळले. आपल्या आईवडिलांच्या पिढीची अकरावी शाळेतच असे, मराठीतून. तीच त्यांची मॅट्रिक. त्यानंतर कॉलेजात पी.डी. आणि इंटर सायन्स, तिथे इंग्रजी. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला दहा-दोन-तीनचा आकृतिबंध आपल्याकडे आला आणि १९७५ साली नवी अकरावी सुरू झाली. बेरीज तीच राहिली: आधी अकरा आणि चार, आता दहा, दोन आणि तीन, दोन्हीकडे पंधरा. पण अकरावी शाळेतून उठून ज्युनिअर कॉलेजात गेली आणि तिथे गेल्यावर कॉलेजचीच भाषा बोलू लागली. भाषेचा उंबरठा एक वर्ष अलीकडे सरकला, एवढेच. सोळाव्या वर्षी ते एक वर्ष फार मोठे असते.

मराठीत शब्द नव्हते असे मात्र नाही. टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे १८८४ साली वारले. त्यांनी पदार्थविज्ञानावर शाळेसाठी मराठीत पुस्तक लिहून ठेवले होते. (आजोबा फिजिक्सला पदार्थविज्ञानच म्हणत, आणि आम्ही हसायचो.)

माझे निभावले ते एका वहीमुळे. मामाने दोनशे पानी वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी संज्ञा लिहून दिल्या होत्या. ती वही मी कोणालाही दाखवली नाही. तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर मिळे. एकेका गुणाने कॉलेज बदलायचे. शाळेत माझ्या शेजारी बसणारी, प्रयोगात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज असलेली मैत्रीण सहामाहीनंतर मला विचारत होती, "तुला कसं गं समजतं?" मी म्हटले, "वाचत राहते." अकरावीनंतर ती कॉमर्सला गेली.

गाडी मात्र आमची एकच होती. बारावीत एकदा डोंबिवलीच्या फलाटावर मी डॉप्लरचे सूत्र पाठ करत उभी होते. अधिकचे चिन्ह वर की खाली, यात माझा गोंधळ चालला होता. एवढ्यात न थांबणारी मेल शिट्टी फुंकत धडधडत गेली. ती म्हणाली, "ऐकलंस? येताना आवाजाच्या लाटा दाटतात म्हणून सूर चढतो, जाताना विरळ होतात म्हणून उतरतो." तिने ते पुस्तक उघडलेसुद्धा नव्हते! नंतर वाचले, की हॉलंडमध्ये १८४५ साली हेच तपासायला रेल्वेगाडीवर कर्णेवाले बसवले होते. आपल्या ठाण्याला गाडी आली १८५३ मध्ये, कल्याणला त्याच्या पुढच्या वर्षी.

त्या दिवशीही वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. फिजिक्स रोज लागत नाही. पण वही आहे. पाने पिवळी पडली आहेत, 'आघूर्ण'वर चहाचा डाग आहे. संमेलनाला ती घेऊन येते आहे. तू हे वाचत असशील तर ये. मला आधी तुझ्याशीच बोलायचे आहे.