असोद्याची जपानी फटफटी

असोदा म्हटलं की जळगावबाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे बहिणाबाईंचं माहेर आणि दुसरी भरिताची वांगी. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात तेव्हा गल्लीभर जो वास सुटतो, त्याबद्दल बोलायला लागलो तर माझी वेळ त्यातच संपेल. आमच्या घरी मात्र तिसरी एक गोष्ट आहे. ती ओसरीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असते. तिचं नाव राजदूत ३५०.

मोटारींच्या शौकिनांमध्ये जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्या जपणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. टोयोटानं १९६७ ते १९७० या काळात यामाहाच्या मदतीनं २००० जीटी नावाची मोटार काढली होती. संख्या जेमतेम साडेतीनशेच्या आसपास. या मोटारीचे काही सुटे भाग आपण पुन्हा तयार करून देऊ, असं टोयोटानं २०२० मध्ये जाहीर केलं. माझ्दानं २०१७ मध्ये आपल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मोटारी परत घेऊन नव्यासारख्या करून देण्याची सेवा जाहीर केली. म्हणजे तिकडे जुन्या गाडीच्या मालकाला दार ठोठावायला एक घर तरी उरलं आहे. खानदेशात अशा मोटारी येणं शक्यच नव्हतं. आपल्या वाट्याला जी जपानी स्पोर्ट्स गाडी आली ती दोन चाकांची होती, आणि तिच्यासाठी ठोठावायला दार उरलं नाही. त्या अडचणीची ही गोष्ट आहे.

यामाहानं आरडी ३५० ही मोटारसायकल १९७३ मध्ये जगाच्या बाजारात आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर आणि ३९ अश्वशक्ती. तिच्यात कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रीड व्हॉल्व्ह होता. रीड म्हणजे पोलादाची पातळ पत्ती. इंजिन श्वास आत घेतं तेव्हा ती उघडते आणि आत गेलेलं मिश्रण उलटं बाहेर येऊ लागलं की मिटते. दिसायला क्षुल्लक वस्तू, पण टू-स्ट्रोक इंजिनाची कमी वेगातली धाप तिनंच घालवली.

ही गाडी अमेरिकेतून आणि युरोपातून निवृत्त झाल्यावर हिंदुस्थानात आली. एस्कॉर्ट्स कंपनी १९६२ पासून १७५ सीसीची राजदूत बनवत होती. ती मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. दूधवाल्याची, तलाठ्याची, बांधावरून जाणारी गरीब गाडी. त्याच राजदूत नावाखाली १९८३ मध्ये फरीदाबादच्या कारखान्यातून ही जपानी वाघीण बाहेर पडली. आपल्या रस्त्यांसाठी आणि खिशासाठी तिची नखं थोडी कापली होती. पुढच्या चाकाला डिस्कच्या जागी ड्रम ब्रेक आला. ताकद आधी साडेतीस अश्वशक्तीवर आणि नंतरच्या आवृत्तीत सत्तावीसवर आणली. पहिलीला जाणकार ‘एचटी’ म्हणतात, दुसरीला ‘एलटी’. तरीही त्या वेळच्या साडेतीनशेच्या बुलेटची ताकद होती अठरा. फरक कानाला कळायचा.

आणि इथेच गणित चुकलं. एका लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी गाडी कोण घेणार? त्यातून १९८४-८५ पासून १०० सीसीच्या जपानी गाड्यांची रांग लागली. इंड-सुझुकी, हिरो होंडा, आणि एस्कॉर्ट्सचीच आरएक्स १००. शंभर सीसीची ही धाकटी बहीण अकरा अश्वशक्तीची होती, हलकी होती आणि परवडायची. ती १९९६ पर्यंत बनत राहिली आणि खेडोपाडी पोहोचली. थोरलीचं उत्पादन मात्र दशक संपता संपता थांबलं. पुढे एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांची भागीदारीही संपली. २००१ मध्ये यामाहानं पूर्ण कारभार आपल्याकडे घेतला. राजदूत ३५० चे मालक तेव्हापासून पोरके झाले म्हटलं तरी चालेल.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, ही गाडी १९९१ मध्ये नाशिकहून जुनी आणली. केळीला त्या वर्षी भाव बरा होता. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत, हे वेगळं. गाडी एचटी निघाली. तात्यांना त्याचा अर्थ नंतर कळला, तोही वाईट मार्गानं.

टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतंत्र तेल लागतं. या गाडीत तेलाची टाकी वेगळी असते आणि ॲक्सिलरेटरच्या ओढीप्रमाणे एक छोटा पंप तेल सोडतो. आमचे मिस्त्री शिकलेले आरएक्स १०० वर, पण हात पक्का. ते म्हणायचे, ‘‘भाऊ, पेट्रोल सरलं त गाडी उभी राह्यते, तेल सरलं त मरते.’’ गाडी मरते म्हणजे पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा आणि इंजिन नुसत्या हवेवर थंड होणारं. त्यात क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील कडक झालं असेल, तर तिथून चोरून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. गंमत अशी की ही सीलं गाडी पळवून जेवढी खराब होतात, त्याहून जास्त ती उभी ठेवून होतात. जपून ठेवलेली गाडी आतून मरत असते.

सिलिंडर घासला की तो लेथवर नेऊन थोडा मोठा करतात आणि त्यात मोठा पिस्टन घालतात. मूळ व्यास ६४ मिलिमीटर. मग ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि शेवटी ६५. एवढे चारच जन्म. दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे हवेत, त्यामुळे एकाचा अपघात झाला तरी दोघांचं आयुष्य कमी होतं. आमच्या गाडीचा पहिला जन्म १९९६ मध्ये खर्ची पडला. दुसरा २००४ मध्ये.

तिसऱ्याची कथा मला अजून बोचते. सिलिंडर एका लेथवाल्याकडे दिला होता. माणूस कसबी, पण सवय फोर-स्ट्रोकची आणि ट्रॅक्टरची. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला आतल्या बाजूनं खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बोअर केल्यावर या खिडक्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या कानशीनं हलकेच मोडाव्या लागतात, नाहीतर वरखाली जाणारी रिंग कडेत अडकते. तेवढं राहिलं. तीनशे किलोमीटरवर जळगावहून येताना ‘टक्’ असा आवाज झाला आणि गाडी थांबली. रिंगेचा तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर रेघा ओढून गेला होता. काही दिवस चाललेला ६४.५० चा जन्म संपला आणि आम्ही ६४.७५ वर आलो. तात्या भांडायला गेले नाहीत. मी जायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण भांडून धातू परत येत नाही, हेही खरं.

आता कुणी विचारेल, सिलिंडरची आतली स्लीव्हच नवी घालता येत नाही का? येते. पण स्लीव्हच्या खिडक्या मूळ खिडक्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात, आणि एचटीच्या खिडक्या एलटीपेक्षा वेगळ्या. दिसेल त्या नमुन्यावरून कापलेली स्लीव्ह घातली की गाडी चालते, पण ती गाडी राहत नाही.

मग शोध सुरू होतो. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीचं करोलबाग. मी तिन्हीकडे हिंडलो आहे. दुकानदार मान न वळवता ‘ओरिजिनल आहे’ म्हणतो. अशा वेळी उपयोगी पडते ती यामाहाची क्रमांकाची पद्धत. त्या काळातल्या यामाहाच्या सुट्या भागाच्या क्रमांकात पहिली तीन अक्षरं गाडीची ओळख सांगतात आणि पुढचे पाच आकडे भागाची. ११६३१ म्हणजे पिस्टन, गाडी कुठलीही असो. नळाचं पान्हं घेऊन फिरणाऱ्याला जसं चुडीचं माप पाठ असतं तसे हे आकडे पाठ झाले, की खोटं पाकीट निदान संशयास्पद तरी वाटू लागतं. पाकिटावर आकडा छापायला काही लागत नाही, हेही अनुभवानं कळलं.

याच क्रमांकांनी दुसरं एक दार उघडलं. मूळ आरडी अमेरिकेत इतकी खपली होती की तिचे पिस्टन, सील, गॅस्केट, बेअरिंग आजही तिकडे कुणी ना कुणी बनवतं. इंजिनाच्या पोटातलं बरंचसं आपल्या राजदूतला चालतं. ब्रेक आणि सायलेन्सर चालत नाहीत, तिथे फरीदाबादनं वाट बदललेली. म्हणजे ज्या गाडीचे भाग जळगावात मिळत नाहीत, ते न्यू जर्सीच्या टपालात मिळतात. माझा भाचा तिकडे असतो. त्याला दर दिवाळीला बाकरवडीची यादी जायची, आता माझी जाते. त्याची बायको मला ‘पिस्टनमामा’ म्हणते.

अलीकडे दोन नवे घोर लागलेत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ऊसवाल्यांचं भलं होवो, पण इथेनॉल ओलावा धरतं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. म्हणून मी कार्बोरेटर दर पंधरवड्याला रिकामे करतो. दुसरा घोर कागदाचा. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले, पण त्यासाठी पन्नास वर्षं पूर्ण हवीत. अगदी पहिली राजदूत ३५० सुद्धा त्यात २०३३ मध्ये बसेल. तोवर ती सरकारदरबारी वारसा नाही, नुसती जुनी गाडी आहे. दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहणारी.

मागच्या वेळी भाचा आला तेव्हा मोज्यांच्या जोडीत गुंडाळून दोन पिस्टन घेऊन आला. माथ्यावर बाण आहे, तो एक्झॉस्टकडे ठेवायचा. माप ६५. तात्या आता शहाऐंशीचे आहेत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पिस्टन हातात तोलून पाहिले, तेलाच्या कागदात पुन्हा गुंडाळले आणि कपाटात, काकूंच्या फोटोमागे ठेवले. गाडी सध्या ६४.७५ वर आहे. रविवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, मी ती नशिराबादपर्यंत नेऊन आणतो आणि आल्यावर आधी तेलाची पातळी बघतो.