बेत आणि माया

इतिहासाच्या ग्रंथांतून वस्त्रांचा उल्लेख येतो तो बहुधा दरबाराच्या निमित्ताने. कोणाला कोणता पोशाख मिळाला, कोणाच्या अंगावर कोणता शेला पडला, याची नोंद बखरकार आवर्जून करतात. परंतु हिवाळ्याच्या पहाटे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर चढवलेल्या टोपड्याची हकीकत लिहून ठेवावी, असे कोणाला वाटलेले दिसत नाही. ते टोपडे कोणी बेतले, कशावरून बेतले आणि ते बेतण्याची विद्या तिला कोठून मिळाली, हे प्रश्न क्षुल्लक समजले गेले. वस्तुतः कुंची, टोपडे, मोजा अशा लहानसहान वस्तूंच्या मागे केवढा विचार असतो, आणि तो एका पिढीकडून दुसरीकडे कसा पोचत आला, हा मानवी बुद्धीच्या इतिहासातील एक रम्य आणि उपेक्षित भाग आहे.

आपल्या भाषेने मात्र या विचाराची बूज राखली आहे. कापड अंगाच्या मापाने कापण्याच्या क्रियेला मराठीत ‘बेतणे’ म्हणतात, आणि मनात योजना आखण्यालाही ‘बेत करणे’ असेच म्हणतात. जेवणाचा बेत, प्रवासाचा बेत, ‘बेताने खर्च कर’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आणि ‘परिस्थिती बेताची’ हे मध्यमवर्गाचे नित्याचे वर्णन, या साऱ्या प्रयोगांत कात्री आणि कापड कोठेतरी दडलेले आहे. उत्तरेकडे राहणाऱ्या आपल्या बांधवांच्या कानांवरून हिंदीतील ‘ब्योंतना’ हे क्रियापद आणि ‘कतर-ब्योंत’ हा वाक्प्रचार गेलाच असेल. तेथेही अर्थ तोच. असलेल्या कापडात अंग झाकावयाचे, आणि असलेल्या पैशात महिना निभवावयाचा.

शिवणकामातील दुसरा एक मराठी शब्द याहूनही हृद्य आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला आपण ‘माया’ म्हणतो. पुढे मूल वाढले की शिवण उसवावी आणि मायेतले कापड बाहेर काढावे. इंचपट्टी घेऊन बसलेल्या कारागिरालाही ज्याचे नाव घेताना ममत्वाचा उच्चार करावा लागतो, असा हा शब्द आहे. बेत आणि माया या दोन शब्दांच्या आधारानेच ही कहाणी पुढे न्यावयाची आहे.

प्रथम आपल्या घराकडे पाहू. बाळ-बाळंतिणीला द्यावयाच्या बाळंतविड्यात अंगडी, टोपडी, झबली, दुपटी आणि कुंची यांचा समावेश असे. यातील कुंची ही खास आपल्याकडची वस्तू. डोके, कान आणि पाठ ही एकाच वस्त्राने झाकणारी, पुढून मोकळी आणि हनुवटीखाली बंदांनी बांधावयाची. तिच्या रीती घरोघर निराळ्या. परंतु सर्वांत साधी रीत पाहिली तरी तीमधील चातुर्य ध्यानात येते. एक आयताकृती कापड मधोमध दुमडावयाचे आणि एका अंगाची कड शिवावयाची, की डोक्याची खोळ तयार होते. वरचे टोक आत वळवून किंवा चुण्या घालून त्याला गोलाई आणावयाची. मानेपाशी पुन्हा चुण्या घेऊन बंद लावावयाचे, आणि उरलेले कापड पाठीवर मोकळे सोडावयाचे. एवढ्या व्यवहारात कापडाची एकही चिंधी वाया जात नाही. सपाट कापडातून गोल मस्तकाला बसणारी वस्तू काढणे हा भूमितीतला प्रश्न आहे. तो सोडवणाऱ्या स्त्रीने भूमितीचे नावही ऐकलेले नसे.

टोपड्याचा प्रश्न निराळा. कपाळापासून मानेपर्यंत जाणारी एक पट्टी आणि दोन्ही कानांवर दोन तुकडे अशी त्याची एक नेहमीची रचना असते. येथे पट्टीची लांबी आणि बाजूच्या तुकड्यांची वक्र कड ही तंतोतंत जुळावी लागतात. ती जुळली नाहीत तर टोपडे एक तर वर चढते, नाही तर डोळ्यांवर उतरते. दुपट्याला असला हिशेब नाही. तेथे जुन्या लुगड्याच्या मऊपणाचेच महत्त्व.

ही मापे कोठे लिहिलेली नसत. बोट, वीत आणि हात हीच मोजपट्टी. बारा बोटांची वीत आणि दोन वितींचा हात, असे जुने कोष्टक आहे. यापलीकडे खरे माप म्हणजे आधीची वस्तू. शिंप्याकडे आजही ‘मापाचे पोलके’ पाठवतात, तशी थोरल्या भावंडाची कुंची ही धाकट्याच्या कुंचीचे माप असे. म्हणजे वस्तू हीच तिचा नकाशा होती. ही रीत सुटसुटीत खरी, पण तिच्यात एक धोका होता. वस्तू विरली की बेतही तिच्याबरोबर विरून जाई.

हा धोका केवळ आपल्यापुरता नव्हता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधील अँटिनोपोलिस या प्राचीन नगरातून आलेला लहान मुलाचा एक मोजा आहे. तो सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा. त्याचा अंगठा इतर बोटांपासून वेगळा काढलेला आहे. पायतणाचा पट्टा मधून जावा ही त्यातील सोय. 2018 साली प्रकाशचित्रणाच्या नव्या पद्धतींनी त्याची तपासणी झाली, तेव्हा त्यावरील विविधरंगी पट्टे केवळ तीन वनस्पतिज रंगांच्या मिश्रणांतून साधले असल्याचे आढळले: मंजिष्ठेच्या जातीचा तांबडा, नीळ देणाऱ्या एका पाल्याचा निळा आणि एक पिवळा. हा मोजा आजच्यासारखा दोन सुयांवर विणलेला नाही. एकाच नेढ्याच्या सुईने, लोकरीचे आखूड तुकडे जोडीत, फासात फास गुंतवून तो केलेला आहे. तो करणारी व्यक्ती कोण, तिने टाचेचा बाक कसा साधला, अंगठ्यासाठी फास कोठे विभागले, यांबद्दल तिचा स्वतःचा एक शब्दही उरलेला नाही. विद्वानांना तो मोजा फासाफासाने वाचावा लागतो. वस्तू उरली, पण बेत सांगणारी नाहीशी झाली.

बेत कागदावर उतरू लागला तो प्रथम धंदेवाईक शिंप्यांकडून. 1580 साली माद्रिद येथे हुआन दे अल्सेगा नावाच्या शिंप्याने एक पुस्तक छापले. त्याच्या शीर्षकातील तीन शब्दांचे मराठी करावयाचे तर ‘भूमिती, व्यवहार आणि बेत’ असेच करावे लागेल. अमुक रुंदीच्या कापडावर झग्याचे तुकडे कसे मांडावे, की कापड कमीत कमी लागेल, हे त्याने आकृत्यांनी दाखवले. परंतु त्याचा वाचक शिंपी होता, गृहिणी नव्हे. झगे आणि अंगरखे पुस्तकात आले. तान्ह्या मुलाचे टोपडे घरातच राहिले.

ते पुस्तकात येण्यास बराच काळ जावा लागला. 1838 साली लंडनमध्ये ‘द वर्कवुमन्स गाइड’ हे पुस्तक निघाले. लेखिकेने नाव दिले नाही. ‘एका स्त्रीने’ एवढाच उल्लेख. त्यात बाळाच्या टोप्या, झबली, बिछान्याची वस्त्रे यांचे बेत आकृत्यांसह दिलेले आहेत. त्यातील माप मोठे लक्षणीय आहे. ते इंचांत नसून ‘नेल’ या जुन्या परिमाणात आहे. नेल म्हणजे वाराचा सोळावा भाग, सव्वादोन इंच. कापड दुमडीत गेले असता वाराचे अर्धे, पाव, अष्टमांश आणि षोडशांश आपोआप मिळतात. पट्टी जवळ असण्याची गरज पडत नाही. आपल्या बोट-वितींप्रमाणे हेही हातात असणारे माप होते.

विणकामाचा बेत लिहिणे याहून अवघड. शिवणकामात कापड आधी तयार असते आणि आकार मागाहून येतो. विणकामात कापड आणि आकार एकाच वेळी जन्मतात. तेथे बेत म्हणजे चित्र नव्हे, तर क्रम: इतके टाके घाला, इतके सुलट, इतके उलट, येथे दोनांचा एक करा. 1655 साली इंग्लंडात छापलेल्या ‘नॅचुरा एक्झेंटेराटा’ या औषधी व घरगुती कृतींच्या संग्रहात मोजा विणण्याची कृती आढळते, आणि इंग्रजीत छापलेली अशी ती पहिलीच ज्ञात कृती मानतात. पुढे 1840 साली एडिंबरोच्या जेन गॉगेन या दुकानदार बाईंनी विणकामाचे पुस्तक काढले आणि टाक्यांसाठी अक्षरखुणा योजल्या. संगीताला जशी स्वरलिपी, तशी ही टाक्यांची लिपी. तरीही एक अडचण उरली. निरनिराळ्या कारखान्यांच्या सुया जाडीने सारख्या नसत. तेव्हा मिस लँबर्ट या लेखिकेने सुयांची जाडी मोजण्याचे छिद्रांचे एक साधन पुरस्कारिले.

पण सुई सारखी झाली म्हणून हात सारखा होत नाही. समजा, मुलाच्या घोट्याचा घेर पाच इंच आहे. एकीच्या हाताला इंचात सात टाके येतात, तर तिला पस्तीस टाके पुरतात. दुसरीचा हात घट्ट. तिचे इंचात आठ येतात. तिने पुस्तकात पाहून पस्तीसच घातले, तर मोजा अर्ध्या इंचाहून अधिक आखूड घेराचा होईल आणि पायात जाणारच नाही. तिला चाळीस टाके हवेत. म्हणून जाणत्या बायका आधी चार बोटांचा तुकडा विणून पाहतात, आणि मग हिशेब मांडतात. छापील बेत हा अशा रीतीने प्रत्येक घरात पुन्हा बेतावाच लागतो.

मोज्यातील खरा कस टाचेत. घोट्यापर्यंतची नळी सरळ विणता येते. पुढे अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्या अर्ध्यांची एक पट्टी विणावयाची, तिच्या शेवटी मध्यावरच वळत वळत ओळी आखूड करून वाटीसारखा खोलगटपणा आणावयाचा, पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलावयाचे आणि हळूहळू कमी करीत चवड्याकडे जावयाचे. शेवटी बोटांपाशी शिवण राहिली तर ती बोचते. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी घरोघर मोजे विणले गेले, तेव्हा ही शिवण टाळून टाक्यांत टाके गुंफण्याच्या रीतीला लॉर्ड किचनेरचे नाव चिकटले. 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती म्हणून सिमल्यास राहिलेले आणि कर्झनशी भांडलेले तेच हे किचनेर. रीत त्यांच्याहून जुनी आहे. असंख्य निनावी बायकांनी परिपाठात आणलेल्या युक्तीला नाव मात्र सेनापतीचे मिळाले.

बेताचे खरे सार्वत्रिकीकरण झाले ते अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने 1863 साली कागदी बेत विकण्यास आरंभ केला. मुलाचे कपडे बेतताना पत्नीने काढलेल्या तक्रारीतून ही कल्पना निघाली असे सांगतात. कागदी बेत त्यापूर्वीही मिळत, पण बहुधा एकाच मापाचे. बटरिकने तोच बेत लहानमोठ्या क्रमवार मापांत दिला, आणि पातळ कागदावर, म्हणजे टपालाने धाडता येईल असा. मुलाचे वय आणि छातीचा घेर कळवला की काम झाले. दूरदूरच्या खेड्यांतील स्त्रीला ज्या विद्येसाठी आई वा सासू जवळ असावी लागे, ती विद्या पाकिटातून येऊ लागली. हा लाभ लहान नव्हता.

आपल्याकडे हे छापील वळण शाळांच्या मार्गाने आले. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत सुई-दोरा हा अभ्यासाचा भाग होता. 1909 साली पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालले, आणि अनेक स्त्रियांना त्यांतून स्वतःच्या पायांवर उभे राहता आले. घरातली विद्या ही उपजीविकेची विद्या झाली. पुढे मासिकांतून विणीचे नमुने येऊ लागले. लोकरीचे विणकाम हे मात्र कोकण-देशावरील हवामानाने फारसे मागितले नव्हते. नोकरीच्या निमित्ताने दिल्ली, लखनौ, सिमला गाठणाऱ्या कुटुंबांना ते उत्तरेच्या थंडीने शिकवले. कानपूरच्या 1876 साली स्थापन झालेल्या गिरणीची ‘लाल इमली’ लोकर आणि लुधियानाचा माल या बाजारात होता. टाके शिकवावयास शेजारच्या पंजाबी वा बंगाली बाई होत्या. अशा घरांत मोज्याची टाच एका प्रांताची आणि डोक्यावरची कुंची दुसऱ्या प्रांताची असा संगम सहज घडे. प्रवासी समाजाच्या संस्कृतीचा इतिहास लिहावयाचा तर तो सभा-संमेलनांच्या अहवालांइतकाच या पेटाऱ्यांतही शोधावा लागेल.

छापील बेताने ज्ञान टिकाऊ केले, सर्वांना खुले केले. त्याबरोबर एक गोष्ट मात्र हातची सुटू लागली. छापील माप हे सरासरी मुलाचे असते, आणि सरासरी मूल कोणाच्याच पाळण्यात नसते. ‘वाढत्या अंगाचे’ बेतावे की नेमके, कान दुखणाऱ्या मुलाच्या टोपड्याची बाजू किती खाली न्यावी, उजव्या पायाहून डावा किंचित थोर असेल तर काय करावे, हे आकड्यांत बसत नाही. बेत कागदावर देता येतो; माया किती ठेवावी, हे ते मूल ओळखणारीलाच ठरवावे लागते. बाजारातल्या तयार कपड्यात तर शिवणीच्या आत उसवण्यापुरतीही माया राहिलेली नसते.

तयार कपड्यांवर रोष धरण्यात अर्थ नाही. त्यांनी स्त्रीचे श्रम वाचवले, आणि ते वाचावयासच हवे होते. परंतु ज्या विद्येला आता गरजेचा आधार उरला नाही, ती जपावयाची तर लिहूनच जपावी लागेल. अँटिनोपोलिसचा मोजा वस्तुसंग्रहालयात सुरक्षित आहे; त्याचा बेत सांगणारी सतरा शतकांपूर्वीच गेली. आपल्या कुंचीचा बेत जाणणाऱ्या वृद्धा मात्र अद्याप अनेक घरांत आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या पेटीत एखादी जुनी कुंची असेल, त्यांनी ती उलगडावी, उसवू नये. कागदावर ठेवून तिची बाह्यरेषा घ्यावी, चुण्या मोजाव्या, शिवणीत माया किती आहे ते पाहावे, आणि ती कोणी, कोणासाठी, कोणत्या गावी बेतली ते खाली लिहावे. नाव अवश्य लिहावे. 1838 सालच्या त्या लंडनच्या लेखिकेचे नाव कागदावर आले नाही, आपल्या आजींचेही आलेले नाही. एवढी चूक तरी यापुढे टाळता येण्याजोगी आहे.