तास आहे, विषय नाही

शाळेच्या वेळापत्रकातली ‘शा. शि.’ ही अक्षरे आपण सगळ्यांनीच वाचली आहेत. परीक्षा जवळ आली की हाच तास गणिताला जातो. पालकांना त्याचे काही वाटत नाही; हळहळतात ती फक्त मुले.

समजा, ठाकुर्लीतली एखादी मुलगी दहावी झाली. कबड्डी खेळते. धावताना दम का लागतो, गुडघा का दुखावतो, हे तिला शिकायचे आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळेत अकरावीला शारीरिक शिक्षण हा १०० गुणांचा ऐच्छिक विषय घेता येतो. ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. त्यात शरीरक्रिया येते, हालचालींचे यांत्रिक नियम येतात, खेळाडूचे मानसशास्त्रही येते. आपल्या राज्य मंडळात मात्र हा विषय वर्षानुवर्षे सक्तीचा, पण केवळ श्रेणीचा राहिला. टक्केवारीत त्याला जागा नाही. मैदान गाजवले तर सवलतीचे गुण मिळतात. अभ्यास केला तर नाही!

महाराष्ट्रात हे व्हावे, याचे नवल वाटते. कारण व्यायामाकडे शास्त्र म्हणून पाहण्याची सुरुवात इथे फार लवकर झाली.

ठाकुर्लीला रेल्वेचे चोळे वीजकेंद्र १९२९ च्या सुमारास उभे राहिले. कल्याण-पुणे मार्गावरच्या गाड्या विजेवर बोरघाट चढू लागल्या, त्या याच काळात. घाट चढून गेले की लोणावळा. तिथे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले होते. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांचे हे शिष्य. आखाड्यात घडलेल्या या माणसाने योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या. नौली करताना आतड्यातला दाब किती बदलतो, हे त्यांनी मोजले. क्ष-किरणांची मदत घेतली आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले.

तिकडे अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामशिक्षक घडवण्याचे काम हाती घेतले. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वर्षी बडोद्यात द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ निघू लागला. १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड झाले. ज्या भाषेत व्यायामाचे दहा खंड आहेत, त्या भाषेत हा विषय शिकवायला सामग्री नव्हती, असे कोण म्हणेल?

मग अडले कुठे? १९३८ मध्ये, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. पाऊल मोठे होते, पण ते शिक्षकांसाठी होते. शिक्षकाने शास्त्र शिकावे आणि मुलांनी त्याच्या शिटीवर कवायत करावी, अशी वाटणी रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिस्त योजना आली. हेतू चांगला होता. फाळणीनंतरच्या पिढीला शिस्त हवी होती. पण त्यामुळे शारीरिक शिक्षण म्हणजे शिस्त, हे समीकरण आणखी घट्ट झाले. शिस्तीची परीक्षा कशी घेणार? तिला फार तर श्रेणी देता येते.

इंग्लंडमध्येही हा विषय पूर्वी असाच मैदानापुरता होता. १९८० च्या दशकात तो तिथल्या विद्यापीठपूर्व परीक्षेत आला. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने उच्च माध्यमिक स्तरावर तो ऐच्छिक विषय असावा, असे स्पष्ट म्हटले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत नको, असे सांगितले.

गुण मिळाले की मुले मैदान सोडून पाठांतराला लागतील, ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून तर प्रात्यक्षिक हवे. पण रसायनशास्त्राचे पाठांतर होते म्हणून कुणी प्रयोगशाळेला कुलूप लावत नाही.

ठाकुर्लीच्या त्या मुलीला सवलत नको आहे, विषय हवा आहे. तिच्या मनातल्या प्रश्नांची उत्तरे शोधणारी माणसे लोकलच्या याच लोहमार्गावर, घाट चढून गेल्यावर, शंभर वर्षांपूर्वी बसली होती.