विमानाच्या ॲल्युमिनियमला प्रायमर मारताना: श्वास, त्वचा आणि रात्रीचा खोकला

घरी विमान बांधणे आता केवळ परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. तुमच्या घरात कोणी असे विमान जोडत असेल, किंवा रिठदसारख्या गावात शेडमध्ये ट्रॉली-ट्रॅक्टरला स्प्रेने रंग देत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.

प्रायमर कशासाठी?

पत्रे रिव्हेट मारून जोडले की सांध्यांत ओल साचते आणि ॲल्युमिनियम आतून गंजते. म्हणून पत्रा घासून, धुऊन, जोडण्याआधी त्यावर प्रायमरचा पातळ थर देतात.

त्रास कशामुळे होतो?

• क्रोमेट: झिंक क्रोमेट व स्ट्रॉन्शियम क्रोमेट गंज उत्तम रोखतात, पण त्यांतील क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. त्वचेवर व नाकाच्या पडद्यावर जखमाही होतात. जुना प्रायमर कोरडा घासताना हीच धूळ उडते.
• इपॉक्सी: हातांवर, पापण्यांवर खाज व पुरळ. एकदा ॲलर्जी झाली की पुढे थोड्या संपर्कानेही उठते.
• आयसोसायनेट: वरून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये असते. यामुळे दमा होतो.
• थिनर: डोके दुखणे, गरगरणे, मळमळ. आगीचा धोका वेगळाच.

रात्रीचा खोकला

आयसोसायनेटचा दमा अनेकदा काम करताना जाणवत नाही. चार ते आठ तासांनी, ऐन रात्री खोकला येतो, छाती आवळते, घरघर होते. घरच्यांना वाटते, हवा बदलली असेल. सर्दी-खोकल्याची औषधे चालू राहतात, कामही चालू राहते आणि दमा पक्का होत जातो. काम बंद असलेल्या दिवसांत बरे वाटते का, हे आठवून पाहा. वाटत असेल तर ही महत्त्वाची खूण आहे.

काळजी कशी घ्यावी?

• तोंडाला रुमाल पुरत नाही. फवारणीत किती विष अंगात जाऊ शकते, हे विदर्भाने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिले आहे. बाष्प व कण दोन्ही अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर वापरा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही.
• आयसोसायनेट असलेल्या रंगासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. तो नसेल तर हे काम सोय असलेल्या ठिकाणी करून घ्या.
• धूळ बसू नये म्हणून शेडचे दार बंद करून फवारू नका.
• शक्यतो क्रोमेट नसलेला प्रायमर निवडा. घासायचे असल्यास ओले करून घासा.
• नायट्राइल हातमोजे व चष्मा घाला. हात थिनरने धुऊ नका.
• कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. मुले व गरोदर स्त्रिया यांना लांब ठेवा.

अपघात झाल्यास

डोळ्यात गेल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा. थिनर पोटात गेल्यास उलटी करवू नका. पत्रा साफ करायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. त्याने भाजल्यावर वेदना उशिरा सुरू होऊ शकतात. दुखत नसले तरी लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि रुग्णालय गाठा. धाप लागल्यास, ओठ निळे पडल्यास किंवा शुद्ध हरपल्यास १०८ ला फोन करा.

डॉक्टरांना काय सांगावे?

खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, किंवा रात्री छाती वाजू लागली, तर थांबू नका. प्रायमर आणि हार्डनर दोन्ही डब्यांच्या लेबलचे फोटो सोबत न्या. कोणत्या दिवशी काम केले आणि कोणत्या रात्री त्रास झाला, हे लिहून ठेवा. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या तपासणीबद्दल विचारा. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, सकाळी चांगली आली तरी दमा नाही असे ठरत नाही. म्हणून डॉक्टर पीक फ्लो मीटरवर कामाच्या व सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी करायला सांगू शकतात.

निदान लवकर झाले आणि संपर्क थांबला, तर दमा आटोक्यात येण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही, तरी “मी रंगाची फवारणी करतो” हे वाक्य स्वतःहून सांगा.