एकटा कामगार, एकटा वकील



सौंसरकडील मँगनीजच्या खाणीतला मजूर आणि पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनातला मजूर, दोघेही एकाच मुलखातले व एकच मराठी बोलणारे. परंतु पूर्वी दोघांना एकाच दिवशी कामावरून काढले असते, तर त्यांची दाद निरनिराळ्या दारी लागावयाची. खाणीचा वाद केंद्र सरकारच्या अखत्यारीतला, जिनाचा प्रांताच्या. कामगारांची बाजू घेऊन स्वतंत्रपणे वकिली करू इच्छिणाऱ्या तरुणाचा पहिला धडा हाच होता: प्रथम दार ओळखावयाचे, युक्तिवाद त्यानंतर.

1947 च्या केंद्रीय औद्योगिक कलह कायद्यात एकट्या कामगाराला फारसे स्थान नव्हते. संघटनेने वा पुरेशा सहकाऱ्यांनी त्याचा कैवार घेतला, तरच त्याची तक्रार कलह ठरे. मात्र त्याच वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने आपला स्वतंत्र कायदा केला. तो ज्या उद्योगांना लागू होता, तेथील बडतर्फ माणसास सहा महिन्यांच्या आत एकट्याने मजूर आयुक्ताकडे अर्ज करण्याची मुभा त्याने दिली. नागपूरच्या एका मोटारवाहतूक कंपनीने काढलेल्या नोकराच्या प्रकरणात, या कायद्याखाली एकट्याचा वादही औद्योगिक कलहच होय, असे 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

परंतु त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातील पांढुर्णा व सौंसर, मध्य प्रदेशात राहिले. उच्च न्यायालयाचे ठाणे नागपूरहून जबलपुरास गेले. शंभरेक किलोमीटरवरचे, आगगाडीने सहज गाठता येणारे नागपूर आता परराज्य झाले. 1960 साली मध्य प्रदेशाने औद्योगिक संबंधांचा नवा कायदा केला. कामगाराची कैफियत मराठीत ऐकावयाची आणि ती दूरच्या न्यायासनापुढे दुसऱ्या भाषेत मांडावयाची, हे काम येथील वकिलाच्या वाट्यास आले.

केंद्रीय कायद्याचे दार उघडण्यास पुढे 1965 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने एकट्याची बडतर्फी हाच कलह मानला गेला. तरी तो न्यायाधिकरणाकडे सोपविणे सरकारच्या हाती राहिले. 2010 च्या दुरुस्तीने तो अडसरही दूर केला.

दुसरी अडचण खुद्द वकिलाचीच होती. समेटाच्या बोलण्यात वकिलास मज्जाव. न्यायाधिकरणापुढेही प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागे. पैसेवाल्या मालकाने मोठा वकील उभा करून गरिबास दडपू नये, हा त्यामागील हेतू. पण संघटनेच्या पदाधिकाऱ्यास कामगाराची बाजू मांडता येत असे, आणि तो पदाधिकारी वकील असला तरी संमतीची अट आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली स्पष्ट केले. नागपुरात रा. स. रुईकर यांच्यासारखे वकील गिरणी कामगारांच्या संघटनेत उतरले होते. कार्यालयात बसून पक्षकाराची वाट पाहणाऱ्यापेक्षा कामगारांच्या बैठकीत जाणारा वकील हा कायदा लवकर शिकला, यात नवल नाही.

तिसरा धडा पुराव्याचा. वर्षात 240 दिवस काम केलेल्यास कपातीपूर्वी महिन्याची नोटीस वा तितका पगार, आणि सेवेच्या दर वर्षास पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळे. पण ते 240 दिवस भरल्याचे कामगारानेच दाखवावयाचे, असे 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ज्याच्यापाशी हजेरीची चिठ्ठी नाही, पगाराची पावती नाही, त्याने काय दाखवावे? तेव्हा त्याच्याबरोबर राबलेल्यांच्या साक्षी गोळा करावयाच्या आणि मालकाची हजेरीवही न्यायासनापुढे मागवावयाची, ही कामे मोठ्या ग्रंथालयावाचूनही होतात. त्यांस चिकाटी मात्र हवी.

संसदेने 29 कामगार कायदे चार संहितांत गुंफले, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अमलात आल्या. पांढुर्णाही 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या वकिलास नवी कलमे शिकावयाची आहेतच. परंतु जुनी प्रकरणेही त्याने चाळावीत. एकट्या माणसाला न्यायाच्या दारी उभे राहावयास किती वर्षे लागली, हे त्यांत नमूद आहे. आणि मुदत टळून गेल्यावर आलेल्या पक्षकारास कोणते उत्तर द्यावे लागते, हेही.