टीबी आणि स्टेरॉईड: भीती कुठून आली?
टीबीच्या पेशंटला स्टेरॉईड दिलं म्हणून डॉक्टरांशी भांडणारे नातेवाईक मी पाहिलेत. भीती अगदीच खोटी नाही हो! १९४८ साली संधिवातात कॉर्टिझोनची जादू दिसली. पण पुढे कळलं, त्यानं दबलेला क्षय उसळतो. जंतू मारणारी औषधं सोबत असली की मात्र हिशोब बदलतो. मेंदूच्या टीबीत जंतूंइतकीच सूजही जीव घेते. २००४ साली व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. टीबीच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन मिळालेल्यांत सुमारे ३२ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ४१. अपंगत्व मात्र घटलं नाही, हेही सांगायला हवं. हा डोस सहा-आठ आठवडे हळूहळू उतरवतात; घरच्यांनी घाबरून मधेच तोडला तर सूज उलटू शकते.